३४ दाते: डोंगराळ दोनशेच्या तयारीच्या नोंदी

५ जानेवारी

ठरलं. २७ एप्रिलची २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकलफेरी, मार्गावर एकूण ३,००० मीटर चढाई. वेळ साडेतेरा तास; रस्ता सपाट असो की डोंगराळ, ब्रेव्हेचं घड्याळ तेच. सपाट दोनशे मी दोनदा केलंय, दोन्ही वेळा दहा तासांच्या आत. त्या जोरावर नाव नोंदवलं आणि मग मार्गाचा आलेख उघडून पाहिला. क्रम उलटा झाला खरा.

आज पहिली मोजणी. नेहमीचा घाट: ६.२ किमी, ४३४ मीटर, सरासरी ७ टक्के. ४१ मिनिटं लागली. वर पोचल्यावर बराच वेळ हँडलवर डोकं टेकून उभी होते. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये कॅडन्स, म्हणजे पॅडलच्या मिनिटाला फेऱ्या, पन्नासच्या खाली.

पॅडलवरची ताकद मोजणारं पॉवर मीटर नाही, पण घाटात त्यावाचून फारसं अडत नाही. हळू वेगात जवळजवळ सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते, आणि ते गणित शाळेतलं आहे. मी ७२ किलो, सायकल, पाणी, हत्यारं, कपडे मिळून १४, एकूण ८६. ८६ × ९.८१ × ४३४, भागिले २,४६० सेकंद: सुमारे १४९ वॅट. टायरचं घर्षण, थोडी हवा, चेनमध्ये वाया जाणारं थोडंसं धरून १६८. ४१ मिनिटांची माझी आजची कमाल एवढी.

८ जानेवारी

वेळेचा हिशेब मांडला. ३,००० मीटर म्हणजे साधारण ४५ किमी चढाचा रस्ता. तासाला ५५० मीटर उंची गाठली तर साडेपाच तास. तेवढाच उतार, तिशीच्या वेगाने दीड तास. उरलेले ११० किमी २४ च्या वेगाने, साडेचार तासांहून थोडे जास्त. बेरीज साडेअकराच्या पुढे. पंक्चर, खाणं, पाणी, चुकलेलं वळण, सगळं उरलेल्या दोन तासांत.

धास्ती वेगळीच आहे. वाटेवरच्या हजेरीच्या चौक्या, म्हणजे कंट्रोल, ताशी १५ किमीच्या हिशेबाने बंद होतात. ९० किमीवरचा कंट्रोल सहा तासांनी बंद, आणि त्याआधीच १,६०० मीटर चढ. न थांबता गेले तरी तिथे मला साधारण साडेपाच तास लागतात.

आणखी एक गोष्ट खटकली. तासाला ५५० मीटर म्हणजे सुमारे १४५ वॅट. हे १६८ चे ८६ टक्के झाले. एवढ्या जोराने दिवसभरात साडेपाच तास चढणं माझ्याच्यानं होणार नाही. प्रमाण पाऊणपटीवर आणायचं तर कमाल १९० च्या घरात हवी. १५ आठवड्यांत २२ वॅट. जमेल की नाही सांगता येत नाही, पण निदान काय जमवायचंय ते कळलं.

१२ जानेवारी

आजचा शोध माझा मलाच लागला, आणि लाज वाटली.

सायकलवर पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं (चेनरिंग), मागे ११ ते २८ दात्यांची (कॉग). सगळ्यात हलका गियर ३४/२८. २८ मिमी टायरच्या चाकाचा घेर २.१४ मीटर, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ९.४ किमी. ८ टक्के चढावर ८६ किलोला त्या वेगाने नेण्यासाठी लागतात १९५ वॅट!

म्हणजे घाटात मी जोर लावत नव्हते, गियर माझ्याकडून तो वसूल करत होता. हळू जायचं म्हटलं तर फेऱ्या कमी करण्यावाचून इलाज नाही: १४५ वॅटवर कॅडन्स ४५. तासन्‌तास ४५ म्हणजे गुडघ्यांचं वाटोळं. मागे ३४ चं कॉग असेल तर ६० फेऱ्यांना १६० वॅट पुरतात, आणि १४५ वर कॅडन्स ५४-५५ राहतो. फारसा सुखाचा नाही, पण चालवून घेण्यासारखा.

मित्राला सांगितलं तर म्हणाला, “अगं, एवढी परात कशाला लावतेस? पाय कमाव ना.” गेली तीन वर्षं मीही हेच म्हणत आलेय, दुसऱ्यांना.

१९ जानेवारी

मागच्या कॉगांचा संच, म्हणजे कॅसेट, ११-३४ ची आणली. पण नुसती कॅसेट बदलून भागत नाही. चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा, जास्तीत जास्त ३० दात्यांचं कॉग पेलणारा. शिवाय चेनचा ढिलेपणा किती ओढून घ्यायचा त्याची वेगळी मर्यादा असते: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या टोकाच्या दोन कॉगमधला फरक. आधी १६ + १७ = ३३. आता १६ + २३ = ३९. म्हणून मध्यम पिंजऱ्याचा डिरेलर, त्याची मर्यादा बरोबर ३९.

चेनही नवी. जुनी पट्टीने मोजली: पिनच्या मध्यापासून बारा इंचांवर पुढच्या पिनचा मध्य यायला हवा, तो एक सोळांश इंच पुढे सरकलेला. म्हणजे अर्ध्या टक्क्याची झीज, मागे अकरा कॉगं असलेल्या ११ स्पीडला तेवढी म्हणजे चेन संपली. तशीही ती आखूडच पडली असती. पुढचं मोठं चेनरिंग आणि मागचं मोठं कॉग यांवर, डिरेलरमधून न घेता, चेन गुंडाळून पाहिली आणि वर दोन कड्या जास्त ठेवल्या. हा गियर कधी वापरायचा नसतो. पण थकलेल्या डोक्याने चुकून पडतोच, आणि तेव्हा चेन आखूड असली तर डिरेलर तुटून हातात येतो.

नवी कॅसेट लावल्याची किंमतही दिसली. जुन्या ११-२८ मध्ये १२ आणि १४ ची कॉगं होती, इथे ११ नंतर थेट १३, मग १५. सपाटीवर मनासारखा गियर सापडणार नाही. ते चालेल.

२२ जानेवारी

कॅसेट खुळखुळते. कॅसेट जागेवर धरणारी कडी, लॉकरिंग, पूर्ण आवळूनही कॉगं बोटाने हलतात. दोन तास सगळ्यांना दोष देऊन झाला. मग खोक्यात तळाशी चिकटलेली पातळ कडी सापडली: १.८५ मिमीचा स्पेसर. ही ११-३४ कॅसेट मुळात १० स्पीडच्या अरुंद फ्रीहबवर (चाकाचा कॅसेट बसणारा भाग) बसेल अशी बनवलेली असते, त्यामुळे ११ स्पीडच्या रोड हबवर तिच्या मागे स्पेसर घालावाच लागतो. सूचनापत्रकात चित्रासकट दिलं होतं. पत्रक मी वाचलं नव्हतं.

डिरेलरमधलं वरचं छोटं चक्र, जॉकी व्हील, ३४ च्या कॉगला घासत होतं, ते अंतर ठरवणारा बी-टेन्शन स्क्रू दीड फेरा आवळल्यावर सुटलं.

२ फेब्रुवारी

पहिला टप्पा संपला: तीन आठवडे चढत्या भाराचे, चौथा हलका. मंगळवारी घाटाच्या तळापासून १२ मिनिटं नेटाने, तीनदा, मध्ये उतरून पाच मिनिटं मोकळं. नेटाने म्हणजे किती, ते पुलावरून कळतं. १.८ किमीवरचा पूल बारा मिनिटांत आला पाहिजे. पहिल्या वेळी अकरा मिनिटांत आला तर शहाणपण सुटलं, तिसऱ्या वेळी तेरा लागतात. गुरुवारी आणि शनिवारी एकेक तास गप्पा मारता येतील अशा संथ गतीने. रविवारी लांब.

हा संथपणाच सगळ्यात अवघड जातोय. मागून कोणी पुढे निघून गेलं की पाय आपोआप दाबले जातात. हृदयाचे ठोके १३५ च्या वर गेले की घड्याळ वाजेल असं करून ठेवलंय. पहिल्या शनिवारी ते इतकं वाजलं की रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते.

१६ फेब्रुवारी

११२ किमी, १,५०० मीटर, पॅडलवर सहा तास. नव्वदपर्यंत झकास. मग वीज गेल्यासारखं झालं. पायात गोळे नाहीत, दम नाही, नुसती पोकळी. एका साध्या चढावर उतरून सायकल ढकलली, आणि उगाच रडू आलं. उपाशी मेंदूची ती खूण आहे हे नंतर सुचलं.

घरी हिशेब. सरासरी १२५ वॅट, सहा तास: २,७०० किलोज्यूल. शरीर खर्चातला जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोचवतं, आणि एका कॅलरीत चार ज्यूलांहून थोडे जास्त. हे दोन्ही एकमेकांना छेदतात, म्हणून पॅडलवरचे किलोज्यूल तेवढ्याच किलोकॅलरी असं ढोबळ धरता येतं. म्हणजे २,७०० किलोकॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून साठा साधारण ५०० ग्रॅम कर्बोदकांचा, म्हणजे २,०००. चरबी मदतीला असते, पण तिचा पुरवठा संथ, चढावर पुरत नाही. आणि मी खाल्लं किती? पाकिटं मोजली: सहा तासांत ११० ग्रॅम. तासाला १८.

अडीच तासांहून लांब मेहनतीला तासाला ६० ते ९० ग्रॅम सुचवलं जातं. निव्वळ ग्लुकोज आतडं तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषतं, कारण तेवढीच वाट असते. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने जातं, म्हणून दोन्हींचं मिश्रण असेल तर वरचा आकडा गाठता येतो. साध्या साखरेत दोन्ही निम्मी निम्मी असतात. पुढच्या रविवारपासून तासाला ४५, मग हळूहळू वाढवत ७०. पोटालाही सराव लागतो.

२३ फेब्रुवारी

डावा गुडघा, पुढच्या बाजूने, जिना उतरताना. पुढून दुखतं तेव्हा सीट खाली असण्याची शक्यता जास्त. मागून दुखलं तर वर. पॅडल अगदी तळाला असताना टाच ठेवून पाहिली: पाय सरळ व्हायला हवा, होत नव्हता. सीटचा दांडा खाली सरकलेला. जुन्या खुणेच्या ६ मिमी खाली! क्लॅम्प ढिला होता आणि रोज अर्धा-एक मिमी घसरत होता, म्हणून जाणवलं नाही. साफ केला, आवळला, दांड्यावर चिकटपट्टीची खूण. एक आठवडा जोर बंद, तसाही हलका आठवडा येतोच आहे.

२ मार्च

गुडघा शांत.

मित्राने ६०० ग्रॅमनी हलक्या चाकांची जोडी दाखवली. हात लावला की घ्यावीशी वाटते. ८६ किलोत ६०० ग्रॅम म्हणजे ०.७ टक्के, माझ्या ४१ मिनिटांच्या घाटात १६ सेकंद. अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी कमी घेऊन निघाले तरी तेवढेच वाचतात, म्हणजे मी काही तहानलेली निघणार नाही. टायरची हवा तेवढी बदलली: २५ मिमीच्या सवयीने २८ मध्येही १०० पीएसआय ठोकत होते, आता मागे ७५, पुढे ७०. खडबडीत उतारावर हाताच्या मुंग्या पहिल्याच दिवशी कमी झाल्या.

९ मार्च

आज फक्त उतार. घाट चारदा चढले, पण चढण्यासाठी नाही.

मला उताराची भीती वाटते, हे इथे लिहून टाकते. भीतीपोटी दोन्ही ब्रेक पूर्ण रस्ताभर हलके दाबून ठेवते, आणि वाटतं की सावध आहे. तळाशी रिमला, म्हणजे ब्रेक जिथे घासतो त्या चाकाच्या कडेला, बोट लावलं, चटका बसला. ४३४ मीटर उतरताना ८६ किलोची ३६६ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तेवढ्यात एक लिटर नळाचं पाणी उकळतं. वेगात असलं तर बरीचशी हवा खाऊन टाकते. मी हळूहळू, ब्रेक दाबून उतरले की जवळजवळ सगळी रिम आणि ब्रेकच्या पॅडमध्ये. आणि रिम थंड व्हायला मधे फुरसतच नाही.

तिसऱ्या फेरीपासून: सरळ रस्त्यावर ब्रेक सोडून द्यायचे, वळणाच्या आधी सायकल सरळ उभी असतानाच दोन्ही जोरात दाबून वेग तोडायचा, वळणात शिरताना सोडायचे. बाहेरचं पॅडल खाली, वजन त्यावर. हात हँडलच्या खालच्या वाकात. तिथून लिव्हर पूर्ण ओढता येते, वरून बोटं थकतात. नजर समोरच्या खड्ड्यावर नको, वळण जिथे संपतं तिथे. सगळ्यात अवघड हेच. सायकल डोळ्यांच्या मागे जाते.

चौथी फेरी दोन मिनिटांनी कमी, आणि रिम कोमट.

पॅड काढून पाहिले तर रबरात ॲल्युमिनियमचे चमकते कण रुतलेले. ते रिमला कानस लावल्यासारखे घासतात. सुईने काढले.

१६ मार्च

ताप. सायकल नाही. २० तारखेपर्यंत नाहीच.

३० मार्च

रंगीत तालीम: १५० किमी, २,२०० मीटर, सगळं सामान लादून. तासाला ७० ग्रॅम ठरवलं होतं. एका बाटलीत तीन तासांची साखर घट्ट विरघळवली, दुसरीत साधं पाणी. चौथ्या तासाला पोट डचमळलं. घट्ट द्रावण पोटात थांबून राहतं, सोबत पुरेसं पाणी जायला हवं होतं आणि ते मी विसरले. पुढे दोन्ही बाटल्या पातळ, उरलेलं घन खाणं, दर वीस मिनिटांनी घास. भूक लागायची वाट पाहायची नाही. पाण्याचं उलट: तहानेप्रमाणे प्यायचं, उगाच लिटरमागून लिटर नाही. फक्त पाणी ढोसून रक्तातलं सोडियम उतरलं तर ते निर्जलीकरणाहून वाईट. मीठ बाटलीत.

१२० नंतर कंबर धरली. दर किलोमीटरला तीस फेऱ्या उभं राहून मारल्या की सुटते. उभं राहण्याआधी एक गियर जड करायचा, नाहीतर पाय रिकामा पडतो आणि सायकल मागे ओढल्यासारखी होते.

६ एप्रिल

घाट. ३६ मिनिटं ३० सेकंद. त्याच हिशेबाने १९० वॅट.

दोनदा तपासलं. वारा नव्हता. वजन दीड किलोने कमी झालंय, म्हणजे खरं तर १८७ च्या आसपास असावं, पण मग लागणारी ताकदही तेवढीच कमी. वाद घालत बसत नाही.

१३ एप्रिल

काल ७० किमी, आज ११०, दोन्ही डोंगरात. थकलेल्या पायांवर दुसरा दिवस, हा शेवटचा मोठा भार. उद्यापासून तास निम्मे, जोराचे तुकडे मात्र तसेच, फक्त संख्येने कमी. आता ताकद वाढायची नाही, थकवा तेवढा उतरायचा आहे.

सामान: दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, ॲलन चाव्या, चेन तोडायचं हत्यार आणि ती पुन्हा जोडायच्या क्विक लिंकची जोडी. जुन्या टायरचा कापलेला तुकडा, टायर फाटला तर आतून लावायला. पुढचा-मागचा दिवा, परावर्तक जॅकेट. आणि मुठीएवढं घडी होणारं बिनबाह्यांचं विंडप्रूफ. चढून घामाने भिजलेल्या अंगाने वीस मिनिटं उतरलं की दात वाजतात आणि थंड बोटांना ब्रेक दाबवत नाही. घाटमाथ्यावर, उतार लागण्याआधी घालायचं; एकदा उतरायला लागलं की थांबवत नाही.

नवं काही नाही. क्लीट (बूट पॅडलला अडकवणारा तुकडा), सीट, बिब शॉर्ट्स, सगळं मुरलेलं.

२६ एप्रिल

हँडलवर चिकटपट्टी, तिच्यावर चढांचे किलोमीटर आणि एक आकडा: १५०. पहिल्या दोन चढांवर ठोके याच्या वर नाहीत, मग कोणीही पुढे जाओ.

२८ एप्रिल

१२ तास ४१ मिनिटं.

पहिल्या चढावर बहुतेक सगळे मला मागे टाकून गेले. ३४ चं कॉग, ठोके १४७, आणि मनात सारखं, आपण शेवटच्या आहोत. “काही प्रॉब्लेम आहे का ताई?” एकाने जाता जाता विचारलं. नव्हता, पण त्याने विचारल्यावर वाटायला लागलं.

९० चा कंट्रोल ५ तास ३८ मिनिटांनी. २२ मिनिटं हातात. त्यातली बारा पाणी भरण्यात गेली. चौदा जणांना मी दुसऱ्या आणि तिसऱ्या चढावर गाठलं होतं. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजले.

१४० ला उतारावर मागचं टायर बसलं. काच. दहा मिनिटं. हात थरथरत होते, लिव्हर दोनदा निसटली. १६५ चा चढ सगळ्यात वाईट: साडेतीन किलोमीटर, मधे १० टक्क्यांचा पट्टा. तिथे ३४ वरही कॅडन्स ४२ झाला, आणि २८ असता तर काय, याचं गणित करण्याइतकं डोकं शाबूत होतं. सकाळचा तो विचारणारा या चढावर रस्त्याच्या कडेला बसला होता, पायात गोळे. त्याला मिठाची बाटली दिली, दोन घोट ठेवून.

शेवटचे वीस किलोमीटर अंधारात, सपाट, ताशी १९. आठवण्यासारखं काही नाही.

४ मे

सायकल धुतली. चेन मोजली, ठीक आहे. मागचे पॅड संपत आले, बदलले. दांड्यावरची खूण जागच्या जागी. कॅसेट काढून ब्रशने घासली. ३० आणि ३४ च्या कॉगांवरचा काळा राप रॉकेलनेही लवकर निघेना. ११ चं मात्र अजून खोक्यातून काढल्यासारखं.